सोन्याचं पाणी दिलेला फोन घ्यावा की साधा?

मामेभाऊ दिवाळीला दुबईवरून येणारेय आणि गोल्ड प्लेटेड फोन आणू का विचारतोय. असा फोन मी मालवणात दीड वर्ष वापरला, आता साधा वापरतो, म्हणून सांगतो.

दिसायला सुंदरच. लग्नाकार्यात लोक हातात घेऊन बघतात, बरं वाटतं. आतला फोन मात्र तोच, कॅमेरा तोच, बॅटरी तीच.

मला नडली ती आपली खारी हवा. सोनं गंजत नाही हे खरं, पण हा थर एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात डोळ्याला न दिसणारी छिद्रं असतात आणि त्यातून खार नि ओल खालच्या धातूपर्यंत पोचते. माझं घर जेटीपासून पाच मिनिटांवर, पहिल्याच पावसाळ्यात चार्जिंग पोर्टभोवती हिरवट कड आली. दुकानदार म्हणाला कव्हर घाला, घातलं, तर घाम आत अडकून डाग वाढले, आणि कव्हर काढलं तर अंगठा टेकतो तिथलं सोनं घासून खालचा पांढुरका धातू दिसायला लागला. रोज रात्री मऊ फडक्याने पुसत बसायचो, शेवटी त्याचाच वीट आला. घरातल्या बायका वन ग्रॅमची माळ समुद्रावर जाताना काढून ठेवतात, फोन कसा काढून ठेवणार?

मोडीचा विचार तर नकोच. फोनची पाठ आणि कडा मिळून 150 चौरस सेंटिमीटर धरल्या तर 1 मायक्रॉनच्या थरात सोनं भरतं जेमतेम 0.3 ग्रॅम. आणि अस्सल सोन्याचं घेतलं तरी आतलं यंत्र म्हातारं होतंच. अ‍ॅपलने 2015 ला 18 कॅरेटचं घड्याळ काढलं, किंमत 10,000 डॉलरपासून पुढे, आणि 2018 च्या नव्या वॉचओएसमधून, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, ते बाद झालं.

सोनं कामाला येतं ते पिनांवर. आमच्या भजनी मंडळाच्या माइकच्या साध्या पिना काळ्या पडून खरखर करायच्या, गोल्ड प्लेटेड घातल्यापासून त्रास बराच कमी झालाय. टीव्हीच्या एचडीएमआय वायरीला मात्र त्यासाठी जास्त पैसे घालू नका, चित्र तेच दिसतं.

एसीत बसून काम करणाऱ्याचा फोन कदाचित टिकेलही, हौस असेल तर मी कोण अडवणार. पण भावाला मी कळवलंय, फोन साधाच आण आणि उरलेल्या पैशात मामीला 22 कॅरेटचं कानातलं घे.