लाल त्रिकोणाच्या टोपीची खरेदी

बिअरच्या नाममुद्रा असलेल्या टोप्या, बिल्ले आणि बाटल्यांची बुचे जमवणाऱ्याला ‘बास’ (Bass) या ब्रिटिश बिअरचा लाल त्रिकोण हवाच असतो, कारण १८७६ साली ब्रिटनमध्ये नोंदले गेलेले पहिले व्यापारचिन्ह तेच. हे चिन्ह असलेली जुनी टोपी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली.

टोपी मनापासून आवडली. त्रिकोणाचा कापडी बिल्ला घट्ट शिवलेला असून त्याच्या तिन्ही टोकांचे टाके शाबूत आहेत. समोरचा फोम दाबला असता भुगा पडत नाही, ही तर फार मोठी गोष्ट. या प्रकारच्या टोप्यांचा फोम वर्षांगणिक ठिसूळ होऊन गळू लागतो आणि मग टोपी वाचवता येत नाही. आतल्या पट्टीवरचा घामाचा डाग विक्रेत्याने छायाचित्रात आधीच दाखवला होता, हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो.

तक्रार आहे ती पॅकिंगची. टोपी खोक्याऐवजी पातळ पिशवीत पाठवल्यामुळे कपाळावर येणाऱ्या भागातल्या पुठ्ठ्याला मधोमध घडी पडली, आणि पुठ्ठ्याची घडी पुरती जात नाही. याच विक्रेत्याकडून मी पुन्हा खरेदी करीन, मात्र खोक्याची अट आधी लेखी घालून.