अडकलेला टोईंग हुक न कापता काढून देणारं गॅरेज, कुडाळ एमआयडीसी

या गॅरेजला पाचपैकी पाच स्टार, आणि कशासाठी ते जरा सविस्तर लिहितो, कारण पुढच्या बंपरमधला टोईंग हुक (गाडी ओढून न्यायला आट्यांवर फिरवून बसवायची लोखंडी कडी) गंजून अडकला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, कापूया. इथे तसं झालं नाही.

गाडी फोक्सवॅगन पोलो, २०१४ चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकांचं घर मालवणात अगदी समुद्राला लागून, त्यांनी कधीतरी पावसात चिखलातून गाडी ओढून काढायला हुक लावला आणि मग तो तसाच राहिला. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात खारी हवा, आटे गंजून पार एकजीव झालेले. शिवाय गाडी ओढताना सगळा ताण त्या हुकावरच येतो, म्हणजे तो आधीच करकचून बसलेला आणि वरून गंज.

राहू दे की तो हुक, काय बिघडतं, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. बिघडतं. बंपरच्या बाहेर आलेला लोखंडाचा तुकडा आहे तो, ट्रॅफिकमध्ये कुणाच्या पायाला लागला तर हाड मोडेल, आणि नुसता हलका धक्का बसला तरी प्लास्टिकचा बंपर दबायच्या आधी तो मार थेट आतल्या बीमला (बंपरमागच्या लोखंडी पट्टीला) बसतो. दुसरं म्हणजे या गाडीच्या टूलकिटमध्ये हुक एकच येतो, तोच पुढे लावायचा आणि तोच मागे. पुढे अडकला म्हणजे मागून ओढायची वेळ आली की हातात काही नाही, आणि आपल्या घाटात गाडी मागूनच ओढायची वेळ येऊ शकते. हल्ली काही जण शोसाठी मुद्दाम हुक लावून फिरतात ते बघून मला खरंच वाईट वाटतं. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये क्रॅशगार्ड आणि बुलबारवर (बंपरपुढे लावतात ते लोखंडी दांडे) कारवाई करायला राज्यांना सांगितलं त्यामागे रस्त्यावर चालणाऱ्या माणसांचीच काळजी होती, हुकाला तरी वेगळा न्याय का लावायचा?

तर आधी एका मोठ्या शहरातल्या गॅरेजला दाखवली होती (नाव लिहीत नाही). तिथल्या पोरांनी हुकाच्या कडीत पाइप घातला आणि दोघांनी मिळून जोर लावला, नेहमीच्या नटासारखा डावीकडे. हलेना म्हणून गॅसने तापवू म्हणाले, मी नको म्हटलं, कारण बंपर प्लास्टिकचा आणि मागे लगेच एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर. मग म्हणाले बीमच बदलावा लागेल, दहा हजाराच्या वर जाईल.

इथे कुडाळला गॅरेजवाल्या काकांनी गाडी बघितल्याबरोबर पहिली गोष्ट सांगितली ती ही, की या गाडीच्या हुकाला उलटे आटे असतात. फोक्सवॅगन, स्कोडा घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवाच. सायकलच्या डाव्या पॅडलला असतात तसे. म्हणजे बसवताना डावीकडे फिरवायचा आणि काढताना उजवीकडे. पोलो २००९ च्या अखेरीपासून २०२२ पर्यंत आपल्या चाकणला बनत होती, रस्त्यावर अजून भरपूर आहेत, आणि तरी एवढी साधी गोष्ट त्या आधीच्या गॅरेजमध्ये कुणाला माहीत नसावी याचा मला राग आला. ते दोघं जीव खाऊन हुक काढत नव्हते, अजून घट्ट करत होते.

आता कामाची पद्धत. काकांनी पाना हातात घ्यायच्या आधी बंपर उतरवला. हे महत्त्वाचं आहे, कारण हुक ज्यात बसतो ती आट्यांची नळी बीमला वेल्ड केलेली असते, समोरून नुसता जोर लावला आणि ते वेल्डिंग तुटलं तर नळी हुकासकट गरगर फिरते आणि मग खरंच कापण्याशिवाय इलाज नाही. बंपर काढल्यावर नळीचं मागचं तोंड दिसलं. बाहेरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढला, मग पुढून आणि मागून दोन्हीकडून गंज सोडवायचं तेल मारलं, आणि गाडी तशीच ठेवली. हाताखालचा मुलगा टॉमी (लांब लोखंडी दांडा) घेऊन आला तर त्याला म्हणाले, "जोर लावू नको, तुटतलो तो. तेल पिऊंदे तेका."

तेलावरून एक सांगतो. आपण सगळेच डब्ल्यूडी-४० चा स्प्रे मारतो आणि पाच मिनिटात पाना लावतो. तो स्प्रे चांगलाच आहे, माझ्या घरी कायम असतो, पण तो मुळात १९५३ च्या सुमाराला अमेरिकेत क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज धरू नये, पाणी बाजूला व्हावं म्हणून बनवलेला. इतकी वर्षं मुरलेल्या गंजासाठी पातळ झिरपणारं तेल वेगळं मिळतं, आणि कुठलंही मारा, वेळ द्यावा लागतो. काकांनी रात्रभर मुरू दिलं, सकाळी परत मारलं, मधेमधे हातोडीने हुकाच्या दांड्यावर हलके ठोके. जोरात नाही, गंजाला तडा जाईल एवढेच.

मग कडीत टॉमी घालून आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने, मग सोडायच्या, परत थोडा मागे, परत पुढे. कितीतरी वेळ काही नाही, आणि मग कर्रर्र करून जो आवाज आला तो ऐकून मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. एकदा हलल्यावरही त्यांनी घाई केली नाही, अर्धा वेढा बाहेर, तेल, पाव वेढा आत, असं करत पूर्ण काढला.

सगळ्यात आवडलं ते यानंतरचं. नळीतले आटे गंजाच्या चुऱ्याने भरले होते आणि उलट्या आट्यांचा टॅप (नळीच्या आत आटे पाडायचं हत्यार) सहज मिळत नाही. त्यांनी भंगारातला तसाच जुना हुक घेतला, ग्राइंडरने त्याच्या आट्यांवर उभ्या खाचा पाडल्या आणि तोच टॅपसारखा आतबाहेर फिरवून आटे साफ केले. मग कॉपर ग्रीस लावून नवा हुक माझ्याच हाताने शेवटपर्यंत बसवायला लावला आणि काढायला लावला, पाना न लावता. तेव्हा कुठे बंपर चढवला. बंपरमधलं हुकाचं भोक झाकणारी छोटी टोपी हरवलेली होती, तीही मागवून बसवली, नाहीतर त्या भोकातून पाणी जाऊन परत तेच.

मजुरी आठशे रुपये, हुक आणि टोपीचे वेगळे. एवढ्या कामाला हे कमीच आहेत असं माझं मत, मी तसं बोललोही.

उणं काढायचं तर बसायला नीट जागा नाही, बिल हाताने लिहिलेलं मिळतं, आणि काका गाडीखाली असले की फोन उचलत नाहीत. रविवारी बंद. घाईत असाल तर इथे येऊ नका, कारण गाडी ठेवूनच जावी लागते. आणि ज्यांचा हुक अजून फिरतोय त्यांनी पावसाळ्याआधी तो काढून आट्यांना ग्रीस लावा आणि डिकीत स्पेअर टायरखाली ठेवून द्या.