आघाडी घ्यावी की घोळक्यात राहावं?

ज्युनिअर मुलांची १०,००० मीटर चालण्याची शर्यत म्हणजे ट्रॅकच्या २५ फेऱ्या. सुरुवातीपासून पुढे राहिलं तर लय आपली राहते, कुणाच्या टाचेत पाय अडकत नाही. पण वेग एकट्यानंच ओढावा लागतो. २०२१ साली २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत, नैरोबीच्या विरळ हवेत, आपला अमित खत्री बराच वेळ पुढे होता; शेवटच्या फेऱ्यांत केनियाच्या हेरिस्टोन वान्योनीनं त्याला मागे टाकलं. सुवर्ण सुमारे ७ सेकंदांनी हुकलं, तरी ते रौप्य मोलाचंच!

घोळक्यात दम वाचतो. मात्र शेवटी वेग वाढवताना पुढचा गुडघा वाकला किंवा दोन्ही पाय हवेत दिसले, की लाल कार्ड. तीन पंचांची तीन कार्डं म्हणजे दंडकक्षात १ मिनिट थांबणं, पदक गेलंच. तरी मला मागे राहणंच पटतं, तंत्र पक्कं असेल तर.