नोकरी सांभाळून लिहायचं की लिहूनच घर चालवायचं?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण तिशीच्या आसपासचे असतात. जाहिरात संस्थेत, वर्तमानपत्रात किंवा एखाद्या कंपनीच्या कंटेंट विभागात नोकरी असते. दोन-तीन दिवाळी अंकांत कथा आलेल्या असतात, कादंबरीची काही प्रकरणं लॅपटॉपमध्ये पडून असतात. घरात लग्नाचं, फ्लॅटचं किंवा बाळाचं बोलणं चाललेलं असतं आणि डोक्यात राजीनामा घोळत असतो.

मी दोन्हीकडे राहिले आहे, म्हणून माझं मत आधीच सांगते. घरासाठी कर्ज किंवा मूल यांपैकी काही येत्या दोन वर्षांत होणार असेल, तर ते नोकरीत असतानाच होऊ द्या. तसं काही समोर नसेल आणि दर महिन्याला काम देणारी एक तरी पक्की जागा हाताशी असेल, तर खुशाल बाहेर पडा. हे मी का म्हणते, ते आता एकेक करून बघू.

पैसा: किती, यापेक्षा कधी

नोकरीचा पगार ठरलेल्या तारखेला जमा होतो. मूळ पगाराच्या १२ टक्के तुमचे आणि तितकेच मालकाचे भविष्य निर्वाह निधीत जातात, आरोग्यविमा कंपनीचा असतो, पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क येतो. हे सगळं पगाराच्या आकड्यात दिसत नाही, म्हणून बाहेर पडताना लोक फक्त हातात येणाऱ्या रकमेची बरोबरी करायला जातात. तुमच्या जागेसाठी कंपनी वर्षाला एकूण किती खर्च करते तो आकडा धरा आणि त्यात रजांचे दिवसही मोजा. फ्रीलान्समध्ये आजारी पडलेल्या दिवसाचे पैसे कोणी देत नाही.

फ्रीलान्समध्ये पैसे कमीच मिळतात असं नाही. ते आपल्या गरजेच्या तारखेला मिळत नाहीत, ही खरी अडचण आहे. दैनंदिन मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद बहुधा वेगवेगळे लोक लिहितात. मोबदला एपिसोडमागे ठरतो आणि तो हातात यायला तीन-तीन महिने लागणं या धंद्यात नेहमीचं आहे. म्हणजे जूनमध्ये लिहिलेल्या संवादांवर गणपतीचा खर्च काढायचा बेत आखला, तर तो फसू शकतो. मालिका चालू आहे तोवर कमाई अनेक नोकऱ्यांपेक्षा चांगली असते, पण वाहिनीने मालिका बंद करायचं ठरवलं की लेखकाला तयारीला फारसा वेळ मिळत नाही.

अनुवादाचा हिशोब वेगळा. ऐंशी हजार शब्दांचं पुस्तक आहे आणि दर शब्दाला एक रुपया धरला, तर ८० हजार रुपये होतात. रोज दीड हजार शब्द नीट उतरले तरी पहिल्या खर्ड्यालाच त्रेपन्न-चौपन्न दिवस जातात, शिवाय पुनर्वाचन, संपादकाच्या शंका, मुद्रितं. तीन महिने सहज गेले. स्वतःच्या पुस्तकाचं गणित तर त्याहून लहान आहे. तीनशे रुपयांच्या पुस्तकाच्या हजार प्रती विकल्या गेल्या आणि रॉयल्टी दहा टक्के असली, तर हाती ३० हजार रुपये येतात, तेही प्रती विकल्या जातील तसतसे. दिवाळी अंकाची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची आणि लेखकाला वाचक मिळवून देणारी इतकी मोठी गोष्ट आपल्याकडे दुसरी नाही, पण त्याच्या मानधनावर कोणाचं वर्ष निघत नाही.

मग स्वतंत्र लेखकांचं घर चालतं कशावर? कंपन्यांचा मजकूर, जाहिराती, सबटायटल्स, संस्थांची माहितीपत्रकं, स्मरणिका, ऑडिओसाठीची लेखनं, कोणाचं तरी आत्मचरित्र शब्दबद्ध करून देणं, यांवर. नोकरी सोडली की आपलं लेखन सुरू होईल असं वाटत असेल, तर ही यादी पुन्हा एकदा वाचा. दिवसाचा मोठा भाग तिथेही दुसऱ्याच्याच कामाचा असतो.

लिहायची ताकद कुठे उरते

या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण निर्णय बहुतेकदा इथे चुकतो. आपण वेळेचा विचार करतो, पण कमी पडते ती भाषेची ताकद. दिवसभर बँकेत किंवा कॉलेजात काम करून घरी आलेला माणूस थकलेला असतो, तरी त्याचे शब्द ताजे असतात. दिवसभर साबणाच्या जाहिरातीसाठी तेरा पर्याय लिहिलेल्या माणसाला संध्याकाळी स्वतःच्या कथेतलं एक वाक्यही नकोसं होतं. मालिका लिहिणाऱ्यांचं याहून अवघड होतं. तिथे पात्रं, प्रसंग, भांडणं, समेट असं सगळंच खर्ची पडतं आणि कादंबरीसाठी वेगळं काही शिल्लक राहत नाही. अनुवाद मात्र दोन्हीकडे ओढतो. चांगल्या लेखकाचा अनुवाद करताना हात तयार होतो, कान तयार होतो, पण त्याची लय आपल्या लेखनात उतरायलाही वेळ लागत नाही.

मराठीतल्या मोठ्या लेखकांचे पोटापाण्याचे उद्योग पाहिले, तर हेच दिसतं. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत होते. व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीत होते. अरुण कोलटकरांनी जाहिरातक्षेत्रात काम केलं, पण ते प्रामुख्याने चित्रांचं आणि मांडणीचं, जाहिरातीचा मजकूर लिहिण्याचं नव्हे. नोकरीने त्यांचं लेखन अडवलं असं कोणी म्हणू शकणार नाही.

म्हणून तुमची आत्ताची नोकरी लिहिण्याची नसेल, तर ती लेखनासाठी वाटते त्याहून चांगली आहे असं मला मनापासून वाटतं. पहाटेचा एक तास राखता आला, तर वर्षाला एक पुस्तक पुढे सरकतं. नोकरीच लिहिण्याची असेल, तर सोडण्याआधी बिनलेखनाची नोकरी शोधण्याचा पर्यायही पाहा. राजीनामा आणि फ्रीलान्स यांच्या धांदलीत हा तिसरा रस्ता कोणाच्या डोक्यातच येत नाही.

फ्रीलान्सचा एक फायदा मात्र नोकरी कधीच देऊ शकत नाही: सलग वेळ. दोन मोठी कामं ओळीने पूर्ण केली, पैसे बाजूला टाकले आणि मग सहा आठवडे फक्त कादंबरी, असं करता येतं. लांबीच्या लेखनाला हा सलगपणा लागतो. कथा आणि कविता पहाटेच्या तासात होतात, कादंबरी आणि नाटक यांचा तेवढ्यात दम निघतो. तुम्ही काय लिहिता यावरही उत्तर बदलतं ते असं.

लिहिलेलं कोणाचं

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, साधारणपणे नोकरी देणाऱ्याचीच असते. नोकरीच्या वेळेबाहेर लिहिलेली कादंबरी तुमची. तरी नेमणूकपत्र काढून वाचा. काही कंपन्या सगळ्याच निर्मितीवर हक्क सांगतात किंवा बाहेरचं काम करायला बंदी घालतात.

स्वतंत्र लेखक सुरुवातीला स्वतःच्या लेखनाचा मालक असतो, पण सही करताना ती मालकी सहज निघून जाते. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे’ अशी ओळ दिसली की थांबा. हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. मुदत मुद्दाम लिहून घेणं म्हणूनच समोरच्याच्या सोयीचं असतं. चित्रपटासाठी लिहिणाऱ्यांना २०१२ च्या दुरुस्तीने रॉयल्टीतला वाटा दिला आहे आणि तो करारात लिहून सोडून देता येत नाही. पटकथा कोणाला पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तिची नोंदणी करून ठेवा.

ऑडिओ, अनुवाद आणि दृश्य माध्यम हे तीन हक्क पुस्तकाच्या करारात वेगळे मागा. स्वतंत्र लेखकाची म्हातारपणची पुंजी तीच.

कर्ज, बाळंतपण, मुलांची शाळा

बँकेचा अधिकारी नोकरदाराकडे पगाराच्या काही पावत्या आणि फॉर्म १६ मागतो. स्वतंत्र लेखकाकडे दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं. आणि कर वाचवायला त्यांत खर्च भरपूर दाखवला असेल, तर कर्जाची पात्रताही तेवढीच खाली येते. फ्लॅट पाहून ठेवला असेल तर कर्ज मंजूर होऊन ताबा मिळेपर्यंत थांबणं शहाणपणाचं. हप्ता मात्र जोडीदाराच्या एकट्याच्या पगारातून निघेल एवढाच घ्या.

बाळंतपणाचं तर स्पष्ट आहे. नोकरीत पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, स्वतंत्र लेखिकेला असं काही नाही. कंपनीच्या गटविम्यात बाळंतपणाचा खर्च बहुधा सुरुवातीपासून मिळतो. वैयक्तिक पॉलिसीत त्यासाठी अनेकदा दोन ते चार वर्षं थांबावं लागतं.

पण हाच टप्पा पुढे उलटा फिरतो आणि हे फारसं कोणी सांगत नाही. पहिले सहा महिने नोकरी चांगली, पुढची सहा वर्षं फ्रीलान्स. पाळणाघराला अचानक सुट्टी, तापाने फणफणलेलं पोर, शाळेतून दुपारी येणारा फोन, सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन, या सगळ्या वेळी घरात असणं ही फार मोठी गोष्ट आहे. वडिलांसाठीही. खासगी नोकरीत पितृत्व रजेचा कायदेशीर हक्क नाही, त्यामुळे बाळाबरोबर दिवस घालवू इच्छिणाऱ्या बापाला स्वतंत्र काम जितकं देतं तितकं नोकरी क्वचित देते. फक्त एक गोष्ट घरातल्यांशी आधीच बोलून ठेवा: ‘तू घरीच असतेस ना?’ या वाक्याला हद्द घालावी लागते. खोलीचं दार बंद असेल तर कामाची वेळ, हे सासूबाईंपासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळ्यांना कळायला हवं.

लग्न जमवताना ‘लेखक आहे, घरून काम करतो’ हे समोरच्यांना पटवणं अजूनही जड जातं. त्यासाठी नोकरी धरून ठेवावी असं मला वाटत नाही.

मधली वाट

एकदम उडी मारण्यापेक्षा मला हीच जास्त भरवशाची वाटते. महिन्याला ठरलेली रक्कम देणारं एक काम घ्या: एखाद्या प्रकाशनाचं संपादन, संस्थेचं मासिक, कंपनीचा ठरावीक मजकूर. त्यातून घरभाडं, किराणा आणि विम्याचा हप्ता निघाला पाहिजे. बाकीचे दिवस आपले. अशी दोन कामं असतील तर आणखी बरं, कारण एकाच ग्राहकावर सगळं अवलंबून असेल तर ती रजा नसलेली नोकरीच होते.

लहान उद्योगांसाठीची सरकारची ‘उद्यम’ नोंदणी मोफत आहे आणि सेवा देणारा एकटा माणूसही ती करू शकतो. तिचा उपयोग थकलेल्या बिलांसाठी होतो. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यानंतर बँकदराच्या तिप्पट व्याज लागतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. बहुतेक वेळा बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की लेखा विभागाची भाषा नरम होते.

करात मोठ्या फीवर दहा टक्के कापून पैसे येतात, ते विवरणपत्रात जमा धरून घ्यायचे असतात. कथा, पटकथा, संवाद आणि गीतं लिहिणारे चित्रपटलेखक अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत निम्मी मिळकत नफा म्हणून दाखवू शकतात. ही योजना ज्या व्यवसायांना लागू आहे त्यांच्या यादीत इतर लेखकांचा तसा उल्लेख नाही, म्हणून सीएला विचारूनच ठरवा. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.

सगळं जुळून आलं आणि सोडायचंच ठरलं, तर मार्चअखेर सोडा. ग्रॅच्युइटीला काही महिने कमी पडत असतील तर तेवढे काढा. वैयक्तिक आरोग्यविमा राजीनाम्याच्या आधी घ्या, किंवा गटविम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते विचारा. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेवा. एप्रिलपासून हिशोबाचं वर्ष कोरं मिळतं, आणि उन्हाळा संपता संपता दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन सुरू होतात, तेव्हा त्यांना हो म्हणायला तुम्ही मोकळे असता.