कुरकुंभच्या औषध कारखान्यात एक वर्ष अप्रेंटिस: क्यूसी लॅबचा अनुभव

बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर ऑगस्ट २०२४ ते जुलै २०२५ असं पूर्ण एक वर्ष मी दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत अप्रेंटिस होते. गोळ्या आणि सिरप बनवणारा कारखाना, माझा विभाग क्यूसी, म्हणजे तपासणीची लॅब. कंपनीचं नाव देत नाही, मला अप्रेंटिसशिपबद्दल लिहायचंय. पाचपैकी साडेतीन गुण. करमाळ्याकडच्या ज्युनिअर मुली सारख्या विचारतात, 'ताई, हे वर्ष घालवावं का?' त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर.

आधी पैशाचं. बऱ्याच जणींना वाटतं ही योजना फक्त इंजिनिअरिंगवाल्यांची आहे. तसं नाही, बी.एस्सी. चालतं. केंद्राच्या नॅट्स, म्हणजे राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजनेत पदवीधराला माझ्या वर्षी महिना किमान ९,००० रुपये होते, त्यातले ४,५०० सरकारचे, थेट आपल्या खात्यात. आमची कंपनी स्वतःचे ७,५०० द्यायची, म्हणजे हातात १२,०००. दौंडला तिघींत मिळून घेतलेल्या खोलीचे माझ्या वाट्याचे २,०००, मेसचे २,८००. कंपनीची बस फुकट. घरी थोडे पाठवता येत होते. मात्र कायद्याच्या भाषेत अप्रेंटिस हा कामगार नाही, शिकाऊ आहे, त्यामुळे पीएफ नाही, ईएसआय नाही. कारखान्याच्या सुरक्षेचे नियम मात्र आपल्यालाही लागू असतात. मला चार नंबरचे सेफ्टी शूज हवे होते, सहा नंबरचे दिले. दोन महिने मोजे दुमडून घातले, मग लेखी अर्ज केला, आठवड्यात बदलून मिळाले. तोंडी सांगत बसू नका, पहिल्याच दिवशी लिहून द्या.

आता जिथे गुण कापले ते. पहिले चार महिने मला रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. फाइलींना नंबर घालायचे, रिटेन्शन सॅम्पलच्या, म्हणजे जपून ठेवलेल्या नमुन्यांच्या, पेट्या मोजायच्या, लेबलं चिकटवायची. मधूनमधून ग्लासवेअर धुवायचं काम यायचं. धुण्याबद्दल माझी तक्रार नाही. फ्लास्क खरंच स्वच्छ झाला की पाण्याचे थेंब काचेला चिकटून राहत नाहीत, पाणी सलग ओघळतं, हे मी तिथेच डोळ्यांनी पाहिलं. पण पेट्या मोजण्यात केमिस्ट्री कुठे आली? करारात 'प्रशिक्षण' लिहायचं आणि मुलीला कारकुनाच्या जागी बसवायचं, हे चूक आहे. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून शिकवलेल्या मुलीचे चार महिने होते ते.

डिसेंबरमध्ये एक सीनिअर मॅडम सुट्टीवरून परतल्या आणि त्यांनी मला बेंचवर, म्हणजे प्रत्यक्ष तपासणीच्या कामावर, मागून घेतलं. माझं खरं वर्ष तिथून सुरू झालं. पहिले आठ दिवस फक्त काटा. पाच दशांश स्थळं दाखवणारा काटा म्हणजे फार हळवी वस्तू. दार उघडं राहिलं तरी आकडा हलतो, ओव्हनमधून काढलेली बाटली गार न करता ठेवली की आकडा सरकत राहतो. कॉलेजात आम्ही दोन दशांशावर वजन घेऊन पुढे जायचो. इथे वजनाची प्रिंट निघते, त्यावर वेळ असते, आणि ती लॉगबुकाशी जुळावी लागते.

एकदा १ च्या जागी ७ हवा होता, मी तोच गिरवून ७ केला. मॅडम रागावल्या नाहीत. पान पुढे ठेवून म्हणाल्या, "अगं, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. एक रेघ मार, बाजूला बरोबर आकडा लिही, कारण लिही, सही, तारीख. लपवलेली चूक आणि खोटा आकडा यांत इन्स्पेक्टर फरक करत नाही." व्हाइटनर तर लॅबच्या दाराच्या आतच येत नाही.

मार्चमध्ये सिरपसाठी ग्लिसरीनचे ड्रम आले. एकेका ड्रममधून नमुना काढायचा होता, मला तो वेळकाढूपणा वाटला आणि मी तसं बोलूनही गेले. तेव्हा मॅडमनी जे. जे. रुग्णालयाची गोष्ट सांगितली. १९८६ साली मुंबईत तिथे डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं ग्लिसरीन पोटात जाऊन १४ रुग्ण दगावले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२२ मध्ये गांबियात लहान मुलं गेली, तेव्हाही खोकल्याच्या सिरपमध्ये हेच विष सापडलं होतं. दोन्ही द्रव दिसायला सारखेच, रंग नाही, घट्टसर, चवीला गोड. डोळ्यांना किंवा नाकाला काही कळत नाही. गॅस क्रोमॅटोग्राफीवर (घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर) कळतं आणि मर्यादा ०.१ टक्क्याची. त्या दिवसानंतर मी एकही ड्रम घाईत उघडला नाही. माझ्या धाकट्या भावाला लहानपणी खोकल्याचं सिरप आम्हीच पाजायचो, ते सारखं डोळ्यांपुढे येत होतं.

पुढे डिसोल्यूशन, म्हणजे गोळी किती विरघळते याची तपासणी, शिकले. सहा भांडी, प्रत्येकात ९०० मिली बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), ३७ अंश तापमान, पॅडलचे मिनिटाला ५० फेरे. ठरल्या मिनिटाला सहाही भांड्यांतून नमुना काढताना हात शिकला पाहिजे. कार्ल फिशर नावाच्या तपासणीत पाण्याचं प्रमाण काढायला मला सगळ्यात आवडायचं. पावसाळी हवेत नमुन्याची बाटली उघडी राहिली तर हवेतलं पाणी गोळीच्या नावावर चढतं, म्हणून झाकण, चमचा, काटा सगळं कसं एका लयीत व्हावं लागतं.

एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मात्र स्वतंत्रपणे चालवायला मिळालं नाही. मोबाइल फेज, म्हणजे त्यातून वाहणारा द्रव, बनवायची, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायची, सोनिकेटरमध्ये ठेवून हवा काढायची, इथपर्यंत माझं काम. बफर चालवल्यावर कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी यंत्रातली नळी, लगेच नुसत्या अ‍ॅसिटोनायट्राइलने धुवायचा नाही, आत मीठ बसतं, आधी पाणी जास्त असलेलं मिश्रण सोडायचं, हेही मी वहीत लिहून ठेवलंय. पण यंत्रात नमुना सोडणं, आलेखातले पीक, म्हणजे उंचवटे, तपासणं हे बघण्यावरच राहिलं. बाहेर मुलाखतीत पहिला प्रश्न एचपीएलसीचाच येतो, तेव्हा ही उणीव टोचते.

जाण्याआधी कंपनीला विचाराच की बेंचवर कधीपासून घेणार आणि ट्रेनिंग रेकॉर्ड माझ्या नावाने ठेवणार का. करार नॅट्सच्या पोर्टलवर नोंदवला आहे का, हे स्वतः लॉगिन करून बघा. काही ठिकाणी ठेकेदारामार्फत नुसतं 'ट्रेनी' म्हणून घेतात. तिथे करार नसतो, मग सरकारचा वाटा नाही आणि वर्षाअखेरचं प्रमाणपत्रही नाही. असं असेल तर जाऊ नका, घरी बसून दुसरी जागा शोधलेली बरी.

वर्ष संपल्यावर आम्हा सहाजणांतल्या दोघांना कंपनीने ठेवलं. मी त्यांत नव्हते. कंपनीवर तशी सक्ती नसते, हे ठाऊक असूनही त्या रात्री खोलीवर खूप रडले. सप्टेंबरमध्ये भोसरीच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये मुलाखत झाली. समोरच्या सरांनी तपासणीच्या एका पानाची झेरॉक्स पुढे सरकवली, म्हणाले, चुका दाखवा. गिरवलेला आकडा लगेच दिसला. मग वजनाची प्रिंट वाचली. तिच्यावर १०:४० होते आणि त्याच वजनातून फ्लास्क भरल्याची वेळ लॉगबुकात १०:२० लिहिलेली होती. मी दोन्हींवर बोट ठेवलं.