साहेबांना कामाचा भार दाखवायला ट्रेलो: मोफत प्लॅन कुठवर पुरतो?

"साहेब, खूप काम आहे" असं म्हटलं की "सगळ्यांनाच आहे" हे उत्तर ठरलेलं. साहेबांचाही इलाज नसतो, कारण त्या वाक्यात त्यांना ठरवता येईल असं काहीच नसतं. कोणतं काम, किती तासांचं, मुदत कधीची आणि नवीन काम घेतलं तर जुन्यातलं कोणतं मागे जाईल, हे समोर मांडलं की मात्र निर्णय घ्यावाच लागतो. कामाच्या याद्या ठेवायच्या ट्रेलो या अ‍ॅपचं हे परीक्षण एवढ्याच उपयोगापुरतं आहे.

ट्रेलो २०११ साली आलं आणि २०१७ पासून अ‍ॅटलाशियन या सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीचं आहे. पडद्यावर शेजारी शेजारी उभ्या याद्या, यादीत कार्डं, आणि कार्ड उचलून दुसऱ्या यादीत टाकायचं, एवढंच. या सगळ्या याद्या मिळून एक बोर्ड. शिकायला अर्धा तास पुरतो. देवनागरीत लिहायला काही अडचण नाही.

लहान कंपनीतलं अकाउंट्सचं टेबल उदाहरणाला घेऊ. महिन्याच्या तारखा पक्क्या असतात: ७ ला टीडीएस भरणा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र), १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीआर-३बी (महिन्याचा जीएसटी हिशेब आणि भरणा). मध्येच बँक स्टॉक स्टेटमेंट (मालसाठ्याचा तक्ता) मागते, साहेबांना एमआयएस (आकड्यांचा अंतर्गत अहवाल) हवा असतो, ऑडिटरची यादी येते. अशा टेबलाला पाच याद्या लागतात. "नवीन आलेलं", "क्रम ठरवायचा", "चालू", "दुसऱ्याकडे अडकलं" आणि "झालं". यातली दुसरी यादी साहेबांची. त्यांनी बाकी बोर्ड पाहिला नाही तरी चालेल, ही एक यादी पाहिली पाहिजे.

कार्डाच्या नावातच तास लिहा: "४ तास, जीएसटीआर-१, ऑक्टोबर". तासांसाठी वेगळा रकाना ट्रेलोत आहे, पण तो पैसे भरणाऱ्यांना. तसाही मोबाइलवर साहेब कार्ड उघडत नाहीत, वरची ओळ वाचतात. वर्णनात दोनच गोष्टी हव्यात: कोणाकडून काय यायचं आहे आणि उशीर झाला तर काय होईल. ३बीच्या कार्डावर "२० नंतर रोज ५० रुपये लेट फी, थकीत करावर वार्षिक १८ टक्के व्याज" असं लिहिलेलं असलं की ते काम मागे ढकलताना साहेब स्वतःच थांबतात. याच ३बीचा अंदाज हमखास चुकतो. खरेदीची बिलं जीएसटीआर-२बीशी (जीएसटी पोर्टलवर आपोआप बनणारा खरेदीचा तक्ता) जुळवायची असतात, आणि २बी तयार होते १४ तारखेला. म्हणून १४ पर्यंत हे कार्ड "अडकलं" मध्येच राहू द्या, नाहीतर रिकाम्या दिवसांत ते काम "का होत नाही" अशी विचारणा होते. काम झालं की लागलेले खरे तास कॉमेंटमध्ये टाका. दोन-तीन महिन्यांत अंदाज बऱ्यापैकी जमायला लागतात.

आता खरा प्रसंग. ९ तारखेला दुपारी निरोप येतो, स्टॉक स्टेटमेंट आजच पाहिजे. आधी कार्ड करा, "क्रम ठरवायचा" मध्ये टाका आणि मग निरोप पाठवा: "साहेब, स्टॉक स्टेटमेंटला ५ तास लागतील. जीएसटीआर-१ चे ४ तास बाकी आहेत, मुदत ११. आज स्टेटमेंट घेतलं तर एमआयएस सोमवारवर जाईल. चालेल का? नाहीतर एमआयएस आधी करून स्टेटमेंट उद्या दुपारी देतो." यात नकार कुठेच नाही. दोन वाटा आहेत, दोन्हींची किंमत सांगितलेली आहे आणि निवड साहेबांची आहे. दिवस आठ तासांचा धरू नका. फोन, सह्या, बँकेचे निरोप यात दोन-अडीच तास जातात, म्हणून साडेपाच तासच मोजा.

उत्तर फोनवर आलं तर कार्डावर कॉमेंट टाका: "साहेबांशी फोनवर बोलणं झालं, स्टेटमेंट आधी". कार्ड एका यादीतून दुसरीत गेलं किंवा मुदत बदलली तर कोणी, कधी बदललं याची नोंद ट्रेलो ठेवतं. पण त्याच यादीत कार्ड वर-खाली केलं तर नोंद होत नाही. क्रमावरून पुढे बोलणं निघालं की अडचण नेमकी इथे होते, म्हणून ही कॉमेंट टाळू नका.

"चालू" मध्ये तीनच कार्डं ठेवा. लिस्ट लिमिट्स हे जोडसाधन (पॉवर-अप) मोफत आहे, मर्यादा ओलांडली की यादी पिवळी होते. चौथं कार्ड ते अडवत नाही, फक्त दाखवतं. साहेबांशी बोलायला तेवढा पिवळा रंग पुरतो. पंधरा मिनिटांच्या आतल्या कामाला कार्डच करू नका. बोर्ड चिल्लर कामांनी भरला की पाहणाऱ्याला मोठी कामं दिसत नाहीत.

बोर्ड बंद पडतो तो बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपमुळे. अर्धी कामं तिथे येतात आणि तिथेच राहतात. प्रत्येक बोर्डाला स्वतःचा ईमेल पत्ता मिळतो. त्यावर मेल पुढे पाठवला की विषयाची ओळ कार्डाचं नाव होते, मजकूर वर्णनात जातो. मेलवरची कामं अशी आपोआप येतात, व्हॉट्सअ‍ॅपची मात्र हातानेच टाकावी लागतात, त्याच दिवशी. साहेब बोर्ड उघडतच नसतील तर आग्रह धरू नका. सोमवारी सकाळी दहा मिनिटं त्यांच्या टेबलावर "क्रम ठरवायचा" ही यादी दाखवा, किंवा तेवढ्याच यादीचा स्क्रीनशॉट पाठवा. दोन साहेब असतील तर प्रत्येकाच्या कामाला वेगळ्या रंगाचं लेबल लावा आणि क्रम दोघांना एकत्र बसवून ठरवून घ्या. एकाचा निरोप दुसऱ्याकडे आपण पोचवायचा नाही.

सुरुवातीलाच एक सेटिंग तपासा. नवा बोर्ड सहसा वर्कस्पेसमधल्या, म्हणजे बोर्ड एकत्र ठेवणाऱ्या गटातल्या, सगळ्यांना दिसतो. तो प्रायव्हेट करा. पब्लिक ठेवलेला बोर्ड इंटरनेटवर कोणालाही वाचता येतो, आणि इथे पगार, बँक, येणी सगळं असतं. कंपनीची माहिती बाहेरच्या सेवेवर ठेवायला परवानगी आहे का, हे आयटी विभागाला विचारूनच सुरू करा.

मोफत प्लॅनमध्ये एका वर्कस्पेसला १० बोर्ड आणि १० माणसं मिळतात. बटलर ही स्वयंचलित सोय महिन्याला २५० वेळा चालते. एक साहेब आणि चार-पाच जणांच्या विभागाला हे भरपूर झालं. स्टँडर्ड प्लॅन वर्षाचे पैसे एकदम भरल्यास माणशी महिना ५ डॉलर, प्रीमियम १० डॉलर. प्रीमियमचा डॅशबोर्ड मोहक दिसतो, पण तो कार्डं मोजतो, तास नाही. अर्ध्या तासाची सहा कार्डं असलेला माणूस त्यात बारा तासांचं एक कार्ड असलेल्यापेक्षा जास्त व्यस्त दिसतो. भार दाखवायचा म्हणून प्रीमियम घेऊ नका, त्याने चुकीचंच चित्र साहेबांसमोर जाईल.

तासांची बेरीज ट्रेलो मोफतमध्ये करून देत नाही, हा त्याचा मोठा उणेपणा. ती आठवड्यातून एकदा हाताने करावी लागते. ज्या साहेबांना बेरजेचा आकडाच हवा असतो त्यांच्यासाठी काम, तास, मुदत आणि कोणी सांगितलं अशा चार रकान्यांची गूगल शीट जास्त कामाची. क्रम वरचेवर बदलत असेल, तर ट्रेलोच घ्या.