समुपदेशकांचा महिन्याचा केस-गट, टिळकवाडी, बेळगाव: वर्षभराच्या बैठकांनंतरचं मत

पेशंटसमोर बसल्यावर आपल्याला राग येतो, कीव येते, कुणाचा लळा लागतो, कुणासमोर चक्क झोप येते. त्याचं करायचं काय, हे विचारायला आपल्या भागात फार थोड्या जागा आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजीचं एम.फिल. करताना दोन वर्षं कुणीतरी डोक्यावर असतं. नंतर खानापूर, निपाणी किंवा चिकोडीत खोली घेऊन काम सुरू केलं की माणूस एकटा पडतो. शाळांमधल्या आणि कुटुंब सल्ला केंद्रांतल्या समुपदेशकांच्या वाट्याला तर ती दोन वर्षंही आलेली नसतात. टिळकवाडीत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी भरणारा हा गट त्यांच्यासाठी आहे. फी बैठकीला ६०० रुपये, वेळ दोन तास, माणसं जास्तीत जास्त आठ. पैसे वसूल होतात. दोन गोष्टी मात्र सुधारायलाच हव्यात, त्या पुढे येतील.

पद्धत बालिंट गटाची. मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये डॉक्टरांना घेऊन ती घडवली. केस मांडणाऱ्यानं फाईल उघडायची नाही. पाच ते सात मिनिटांत जेवढं आठवेल तेवढं सांगायचं. जे आठवत नाही तेही महत्त्वाचं असतं, कारण पेशंटच्या नवऱ्याचं नाव चार वेळा येतं आणि मुलीचं एकदाही येत नाही तेव्हा गटाच्या ते लगेच लक्षात येतं. मग पाच मिनिटं फक्त माहितीचे प्रश्न. त्यानंतर मांडणाऱ्यानं खुर्ची दोन फूट मागं ओढून गप्प बसायचं आणि पुढची पंचवीस मिनिटं बाकीच्यांनी बोलायचं: ऐकताना मला काय झालं, त्या पेशंटच्या जागी मी असते तर समुपदेशकाबद्दल मला काय वाटलं असतं. सल्ला द्यायला बंदी आहे. शेवटी खुर्ची पुढं घेऊन मांडणाऱ्यानं हवं तेवढंच बोलायचं.

नवखे लोक पहिल्या दोन बैठकांत हमखास एकाच ठिकाणी घसरतात. "झोप किती तास लागते? गोळी कुठली चालू आहे? माहेरी कुणाला हा त्रास होता का?" असे प्रश्न सुरू होतात. इतिहास विचारत राहणं सुरक्षित असतं, त्यात स्वतःला काय वाटलं ते सांगावं लागत नाही. गट चालवणाऱ्या बाई इथं पक्क्या आहेत. आवाज न चढवता त्या एवढंच विचारतात, "हा प्रश्न तुम्हाला आत्ताच का पडला?" खोली दोन क्षण शांत होते आणि खरी गोष्ट बाहेर येते.

या गटाचं सगळ्यात मोलाचं देणं म्हणजे एका पानाचा तक्ता. सेशन संपल्यावर दहा मिनिटांच्या आत, पुढचा पेशंट आत घेण्याआधी तो भरायचा. पहिली ओळ शरीराची: जबडा, खांदे, पोट, पेंग. दुसरी ओळ भावनेची, एका शब्दात. "अस्वस्थ वाटलं" चालत नाही. राग, लाज, भीती, माया असा नेमका शब्द लागतो. तिसरी ओळ: हा माणूस मला कुणासारखा वाटला. चौथी: मला काय करावंसं वाटलं. पाचवी: मी प्रत्यक्षात काय केलं. चौथी आणि पाचवी ओळ शेजारी ठेवून वाचली की निम्मं काम होतं. पन्नास मिनिटांचं सेशन पासष्टवर गेलं, न मागता फी सोडली, रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपला उत्तर दिलं, पेशंटनं वेळ रद्द केल्यावर हायसं वाटलं, हे सगळं पाचव्या ओळीत यायला हवं. आपल्याला काय वाटतंय हे कळायच्या आधी आपण काहीतरी करून बसलेलो असतो, आणि ते घड्याळात किंवा पावतीपुस्तकात सापडतं.

मग ही भावना कुणाची, हा प्रश्न. फ्रॉइडनं १९१० मध्ये काउंटरट्रान्सफरन्स (पेशंटमुळं उपचारकाच्या मनात उठणाऱ्या भावना) हा शब्द आणला तो उपचारकाच्या मनातला अडथळा या अर्थानं. १९५० मध्ये मनोविश्लेषक पॉला हायमान यांनी दुसरी बाजू मांडली, की उपचारकाला जे वाटतं ते पेशंटच्या मनापर्यंत पोचायचं साधनही असतं. गटात दोन्ही धरून तीन चाचण्या लावतात. पेंगेचंच घ्या. दुपारी तीनला येणाऱ्या प्रत्येकासमोर पेंग येते का? मग कारण जेवणात आहे. फक्त या एकाच पेशंटसमोर येते आणि तो दारातून बाहेर पडताच जाते का? मग ती त्या खोलीतल्या नात्यातली आहे. बरेचदा जे बोलायचं ते सोडून भलतंच बोलणं चाललेलं असतं. आणि तिसरं, या माणसाच्या घरच्यांनाही असंच होतं का? बायको म्हणते "हे बोलायला लागले की माझं लक्षच राहत नाही", तर आपली पेंग केसबद्दल काही सांगते आहे.

सेशन चालू असताना काय करायचं याचा सराव शेवटच्या पंधरा मिनिटांत होतो. तळपाय जमिनीला, श्वास लांब सोडायचा, भावनेला मनात नाव द्यायचं, आणि पुढचं वाक्य मुद्दाम उशिरा बोलायचं. पेशंटला सांगायचंच असेल तर थोडक्यात, आत्ताचं, आणि शेवटी प्रश्न: "हे सांगताना तुम्ही हसताय, आणि ऐकताना मला जड वाटतंय. तुम्हाला काय होतंय?" शारीरिक ओढ किंवा किळस मात्र पेशंटला कधीही सांगायची नाही. ती सुपरव्हिजनलाच, म्हणजे आपलं काम तपासणाऱ्या अनुभवी माणसाकडंच न्यायची, आणि लवकर न्यायची.

बेळगावच्या मातीतली एक गोष्ट इथं चांगली हाताळतात: भाषा. मराठी बोलता बोलता पेशंट रडताना कन्नडवर जातो, आणि समुपदेशक अवघड वाक्याला इंग्रजीत शिरतो. केस सांगताना कुठल्या वाक्याला भाषा बदलली ते इथं टिपून ठेवायला लावतात, कारण आपण नेमकं तिथंच मागं सरकलेलो असतो. १ नोव्हेंबरच्या आसपासच्या बैठकीत तर हे उघडपणे घेतात. १ नोव्हेंबरला कर्नाटकाचा राज्योत्सव असतो, आणि सीमाभागातले मराठी लोक निषेध म्हणून काळा दिवस पाळतात. काळ्या दिवसाच्या फेरीचं वातावरण डोक्यात घेऊन बसलेल्या मराठी समुपदेशकासमोर राज्योत्सवाहून आलेला पेशंट बसतो, तेव्हा जबडा आवळतोच. तो आवळलाय हे कळलं नाही तर त्याच्या आईबद्दल विचारलेला साधा प्रश्नही टोकदार निघतो. "अक्का", "ताई", "मावशी" या हाकांचंही तसंच. त्या थांबवायला सांगत नाहीत; हाक बदलली कधी, "मॅडम"वरून "अक्का" कुठल्या दिवशी झालं, ते विचारतात. पेशंटनं कुंद्याचा डबा आणला तर काय, यावर अख्खा तास गेला आणि तो सत्कारणी लागला. घ्यावा की नाही यापेक्षा आजच का आणला आणि घेताना मला काय वाटलं, हे आधी.

आता तक्रारी. पहिली गंभीर आहे. बैठकीची आठवण देणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात केसचा उल्लेख गावासकट येतो. आपल्याकडं गाव आणि धंदा एवढं सांगितलं तरी माणूस ओळखू येतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नं पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. खोलीत गाव, धंदा, मुलांची संख्या बदलून सांगायचा नियम कसोशीनं पाळतात आणि फोनवर तो मोडतात, हे ताबडतोब थांबायला हवं. संदेशात वार आणि वेळ पुरे.

दुसरी तक्रार कन्नड सहकाऱ्यांची आहे आणि ती रास्त आहे. चर्चा रंगली की गट पूर्ण मराठीत जातो, आणि गोकाककडून आलेल्या माणसाला भावनेचा नेमका शब्द मराठीत शोधत बसावं लागतं. तक्त्याची दुसरी ओळ तरी ज्यानं त्यानं आपल्या भाषेत भरावी, आणि कन्नड जाणणारं एक माणूस गट चालवायला सोबत घ्यावं.

हा गट म्हणजे स्वतःची थेरपी नव्हे, हे गट चालवणाऱ्या बाई पहिल्याच दिवशी सांगतात. तीच भावना तीन वेगवेगळ्या पेशंटच्या वेळी तक्त्यात आली तर त्या वैयक्तिक थेरपी घ्यायला सुचवतात.

एका बैठकीत दोनच केस होतात, म्हणून केस मांडायची असेल तर आठवडाभर आधी कळवा. येताना भरलेले किमान चार तक्ते आणा, फाईल घरी ठेवा. बैठक साडेपाचला संपते, पण खुर्ची मागं घेऊन बसलेल्या माणसाला लगेच बसस्टँडकडं पळवू नका. निपाणीची पुढची गाडी मिळते.